फुंकरीवर उगवलेली फिल्म

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण या विभागातली कार्बनच्या नळ्यांची पहिली फिल्म, म्हणजे पातळ थर, माझ्या फुंकरीवर उगवली आहे. तुमच्या सबनीस मॅडम तेव्हा तुमच्यासारख्याच पीएचडी करत होत्या आणि मी लॅबचा शिपाई.

तीन वर्षं त्या सिलिकॉनच्या चकतीवर लेसर धरायच्या आणि वरून कार्बनचा वायू सोडायच्या. केसाहून हजारपट बारीक नळ्यांचं रान उभं राहायला हवं होतं, पण निघायची नुसती काजळी. त्यांचे गाइड सर म्हणाले, ही शेवटची चकती, आज जमलं नाही तर विषय बंद. मॅडमनी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

मी मनात म्हटलं, वायू फारच कोरडा आहे, याला जरा ओल हवी. त्यांची पाठ वळताच पाइपात एक फुंकर सोडली, तीही विडा खाल्लेल्या तोंडाची. अर्ध्या तासात फिल्म तयार. इतकी काळी, की वर बसलेल्या माशीला स्वतःचे पाय दिसेनात. त्या फिल्मच्या नखाएवढ्या तुकड्याला बांधून मी पाण्याची बादली तिसऱ्या मजल्यावर ओढून घेतली.

"भरलेली, काका?" पोरांपैकी एकाने विचारलं.

"काठोकाठ."

मॅडम मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही.

"बादलीचं राहू दे, पण फुंकर साफ खोटी आहे," त्या पोरांना म्हणाल्या. "त्या दिवशी पाइपाचा नट माझ्याकडूनच सैल राहिला होता. दमट हवा तिथून आत गेली. काकांनी ते पाहिलं होतं. माझी चूक कोणाला कळू नये म्हणून वीस वर्षं ही थाप मारताहेत."