पार्सलांच्या खोलीतला गद्दार

बंदुकीच्या दस्त्याचा तिसरा तडाखा बसला आणि कुलूप तुटलं. दारात शत्रूचा कॅप्टन उभा होता, आणि तो चक्क ड्रायव्हरच्या मायबोलीत बोलला.

"ऊठ रे भावा! सुटलास!"

ड्रायव्हरचे डोळे भरून आले. का नाही येणार? आठ महिन्यांत त्याच्या भाषेत "जेवलास का" म्हणून कुणी विचारलं नव्हतं. परक्यांच्या लढाईत तो आपणहून आला होता. 'कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस?' म्हणून आई रडली होती, तरी आला. गोळ्या चुकवत त्यानं जखमींची गाडी चालवली. आणि फळ काय मिळालं? गेल्या आठवड्यात त्याचा स्वतःचा देश शत्रूच्या बाजूनं युद्धात उतरला. झालं! कालपर्यंत पाठीवर थाप मारणाऱ्या मेजरनंच त्याला पोस्टातल्या पार्सलांच्या खोलीत कोंडलं. आज सकाळी फौज शहर सोडून पळाली, ती किल्ली घेऊनच. आत एक माणूस आहे, याची कुणाला आठवणही झाली नाही.

बाहेरच्या टेबलावरचं आरोपपत्र वाचून कॅप्टन हसत सुटला.

"शत्रूशी संधान, गद्दारी! अरे, यांच्यासाठी जीव धोक्यात घातलास तू? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच!"

त्यानं ड्रायव्हरला सिगारेट पेटवून दिली.

"संध्याकाळच्या गाडीनं तुला घरी पाठवतो. आई वाट बघत असेल. फक्त एक काम कर. तुझा तो मेजर काल जखमी झालाय. बाकीच्या जखमींबरोबर इथंच कुठंतरी लपलाय. त्यांना तूच पोचवायचास म्हणे. जागा दाखव."

"नाही दाखवली तर?"

"तर तू आपल्याच देशाविरुद्ध लढलेला माणूस. भिंतीपाशी उभा करतील. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

ड्रायव्हरला जागा पक्की ठाऊक होती. लॉन्ड्रीचं तळघर, चादरींच्या गठ्ठ्यांमागे. किती जणांना त्यानं स्वतःच्या पाठीवरून तिथं उतरवलं होतं! आता त्याला घरी जायचं होतं. मरायची हौस कुणाला असते? मेजरच्या नावानं तर डोकं भणभणत होतं. त्यानं हातातली सिगारेट जमिनीवर टाकून चुरडली.

"साहेब, मेजर एक नंबरचा मूर्ख आहे. समोर आला तर दोन मुस्कटात ठेवून देईन."

"मग सांग की! अडतंय कुठं?"

ड्रायव्हर उठून भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला.

"त्यानं मला गद्दार ठरवलं, ते साफ खोटं होतं. आता तुमच्यासाठी मी ते खरं करून दाखवू होय?"