लाल त्रिकोणाची बादली

ठमाबाई आजही आली नाही. वाडीतल्या प्रत्येक बाळाला न्हाऊ घालणारी म्हातारी ती. पण काळूरामची दुसरी बायको हौसा रोह्याच्या दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली, त्याला तीन दिवस झाले, तरी ठमाबाईने त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता.

हौसाने ओल्या फडक्याने बाळाला पुसलं आणि तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर शकूचा फोटो होता, काळूरामच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा. काळूराम थोडा वेळ फोटोकडे बघत उभा राहिला. मग त्याने बादली उचलली आणि नळावर गेला.

नळाला नुकतंच पाणी आलं होतं. सात-आठ बाया, त्यांचे हंडे आणि कट्ट्यावर मोरू. काळूराम दिसताच बोलणं थांबलं.

"या, बापमाणूस," मोरू म्हणाला. "बादली तीच काय रे? पेणच्या कॅम्पातली?"

तीच होती. वीस वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दिवशी नसबंदी करून घेतली होती. दोघांना एकेक लोखंडी बादली मिळाली होती, लाल त्रिकोण रंगवलेली. काळूरामला तेव्हा दोन मुली होत्या, मोरूला एक मुलगा. तिसऱ्या वर्षी मोरूचा मुलगा खाडीत बुडाला. त्याबद्दल वाडीत कोणी बोलत नसे.

"माझी कवाच गळली," मोरू म्हणाला. "तुझी टिकली. तुझं सगळंच टिकलं, बावन्नाव्या वर्षी!"

बाया पदराआड हसल्या. "पोर कोणाच्या तोंडावळ्याचं हाय, ते बघाय पायजे गो," पुतळी शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

काळूरामने बादली खाली ठेवली.

"ऐका. दोन वर्षांमागं मी मुंबईला गेलो, हर्नियाचं ऑपरेशन हाय म्हणून सांगून. हर्निया नव्हता. बांधलेली नस जोडून घेतली."

नळ वाहत राहिला. पुतळीचा हंडा भरून वर पाणी सांडलं, तरी तिने तो काढला नाही.

"काय जोडलंस?" रांगेच्या टोकाला बसलेल्या ठमाबाईने विचारलं.

"नस, म्हातारे. हौसाला पोर पायजे होतं. मलापण. या वयात सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. खोटं माझं नि बोल तिला लागतोय. मला हसा. मरेपर्यंत हसा. आणि कोणाला खात्रीच पायजे असंल तर टाके दाखवतो, इथंच. लुंगी सोडायला वेळ नाय लागत."

त्याचा हात खरंच गाठीवर गेला.

"झाक मेल्या, झाक!" ठमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "तीन दिवस तोंड शिवलं होतं काय तुझं? घरात खोबरेल हाय का? पाणी आण लवकर." आणि ती काळूरामच्या घराकडे चालायला लागली.

पुतळीने आपला हंडा बाजूला ओढला. काळूरामने बादली भरून घेतली. कोणी हसलं नाही. मोरूही नाही.

अर्ध्या वाटेवर मागून पावलं आली. मोरू होता. तो बरोबर चालत राहिला. बादलीतलं पाणी हिंदकळून दोघांच्या पायांवर पडत होतं.

"काळू," शेवटी तो म्हणाला. "माझं पोर गेलं, तवापण जोडत होते काय रे?"

काळूराम थांबला. त्याने बादलीच्या कडीवरचा हात थोडा सरकवला. मोरूने दुसऱ्या बाजूने कडी धरली.