दुसरी वायर

मुलाची एक खोड आईच्या डोक्यात जायची. नवी वस्तू घरात आली की तिच्यावरचं वेष्टण काढायला त्याचा जीवच व्हायचा नाही. खुर्ची घेऊन वर्ष झालं, बैठकीवरचं प्लास्टिक तसंच. बसला की कुरकुर, हलला की कुरकुर. आत्ताही तो त्याच खुर्चीत बसून दुरुस्तीवाल्याला हिशेब समजावत होता आणि प्रत्येक आकड्याला खुर्ची हुंकार देत होती.

कॉम्प्युटर सुनेचा. अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रं ती त्यावर करायची, आणि त्याच कमाईतून तिनं तो जुळवला होता. चित्रं जड, म्हणून आत दोन ग्राफिक्स कार्डं. त्या दोघांना वीज देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तेवढा नवऱ्यानं निवडला होता आणि स्वतःच्या हातानं बसवलाही होता, कारण त्यातलं आपल्याला कळतं असं तो म्हणाला होता. आता दोन्ही कार्डं कामाला लागली की पाचव्या मिनिटाला सगळं बंद पडत होतं. सकाळपासून सात वेळा. चार वाजता बिल्डर चित्र बघणार होता. नाही दिसलं तर पुढच्या तीन इमारतींचं काम दुसरीकडे जाईल, हे त्यानं फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. दोन कार्डांवर दोन तासांचं काम, एकावर चार तासांचं. घड्याळात एक वाजून गेला होता.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, डबा कमी पडतोय. येतानाच तो याहून मोठा, सोळाशे वॅटचा डबा घेऊन आला होता. मुलाला ते मान्य नव्हतं. दोन कार्डांचे अडीचशे-अडीचशे, बाकी सगळ्याचे दोनशे, झाले सातशे. डबा हजाराचा. तीनशे उरतात, मग कमी कुठे पडतंय? तुझ्या कार्डातच खोट असेल, एक काढून ठेव, असं त्यानं बायकोला सुचवलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहायचं टाळलं.

आई दाराशी स्टुलावर बसली होती. शाळा तिची दुसरीतच सुटलेली, पण मोटारीवर चालणाऱ्या सहा मशिनींचा शिवणकारखाना तिनं एकटीनं चालवला होता. बेरीज चुकलीय का, एवढंच तिनं दुरुस्तीवाल्याला विचारलं. नाही, तो म्हणाला, बेरीज बरोबर आहे. हजारात भागायला हवं. पण डब्यावर छापलेलं सगळं डब्यातून निघतंच असं नाही, मावशी.

"छापलेलं राहू दे," ती म्हणाली. "या दोघांच्या वायरी येतात कुठून, ते दाखव."

मागे बघण्यासारखं काही नाही, सगळ्या वायरी मी नीट बांधल्यात, असं मुलगा म्हणाला. खुर्ची कुरकुरली. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं. वायरी खरंच नीट होत्या, भांग पाडल्यासारख्या. त्यानं कार्डांपासून बोट फिरवत आणलं. दोन कार्डांच्या दोन वायरी वीतभर खाली एकमेकींना मिळाल्या, एकच झाल्या, आणि ती एकच डब्यात शिरली. तिच्या शेजारी तसलंच एक भोक रिकामं होतं.

आई उठली. तिच्या कारखान्यात एकदा दोन मशिनींच्या मोटारी एका प्लगवर चालवल्या होत्या. भिंतीवरचा काळा डाग चुना मारूनही गेला नव्हता. ते तिनं सांगितलं नाही. डब्यासोबत असली वायर एकच आली होती का, असं विचारलं.

"दोन आल्या होत्या," मुलगा म्हणाला. "पण या एकीलाच दोन तोंडं आहेत. एकीत भागतंय तर दुसरी कशाला मळवायची? ठेवलीय जपून. तुझ्याच कपाटात."

दुरुस्तीवाल्यानं आपला मोठा डबा पिशवीत सरकवला. मग सांगितलं, की हा डबा एका वायरीतून ठरावीक तेवढंच सोडतो, त्याहून जास्त ओढलं की स्वतःच बंद होतो. उरलेले तीनशे आत होते खरे, त्यांना यायला वाट नव्हती.

आईनं कनवटीची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. वायरीची पिशवी दुसऱ्या फळीवर होती, सीलसकट. तिला टेकून सहा काचेचे पेले, कागदात गुंडाळलेले. कारखान्याच्या पहिल्या मोठ्या कामानंतर तिनं ते घेतले होते. त्यांना अजून पाणी लागलेलं नव्हतं. तिनं एका पेल्याचा कागद सोडला. मग पिशवी उचलली आणि तो पेलाही.

वायर जोडायला दहा मिनिटं लागली. सुनेनं काम सुरू केलं. पाचवं मिनिट आलं तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सहावं गेलं. दहावं गेलं. पंखे घोंघावत होते, आणि पडद्यावर एका इमारतीचा एकेक मजला उजळत चालला होता, जिथे अजून कुणी राहायला आलं नव्हतं.

आईनं पेला धुऊन दुरुस्तीवाल्याला पाणी दिलं. तळाला दुकानाचं लेबल तसंच होतं. मुलगा त्या पेल्याकडे बघत राहिला.

"तूच शिकवलंस, आई," तो म्हणाला. "नवं काढायची घाई करू नये म्हणून."

"शिकवलं ना," ती सुनेकडे बघत म्हणाली. "पण मी माझ्या तोंडचं काढून वाचवलं रे. तू हिच्या तोंडचं काढून वाचवलंस."