माहेरची समिधा

घाटनाक्यावरचा पहारेकरी म्हणाला होता, “आजी, खोऱ्यात बाहेरचं लाकूड नेता येत नाही.” भागीरथीबाईंनी त्याला नजरेनेच गप्प केले. लेकीच्या वास्तुशांतीला परक्या झाडाची समिधा? छे! घरच्या आंब्याची मोळी शालूत गुंडाळलेलीच राहिली.

होमापाशी त्यांनी शालू सोडला मात्र, अंगणातल्या आंब्यावरचा, किडीचा वास येताच झाडाच्या वतीने बोलणारा भोंगा किंचाळला, “खोडकिडा! खोडकिडा!”

“आई, झाडाला किडीचा वास आलाय! लाकूड आणलंस?” शर्वरीने शालूचे टोक ओढले.

“आपल्या घरचं आहे ते!”

शालूतून पिवळा भुसा सांडला. भुशातून खोडकिड्याचा एक भुंगा उडाला आणि आंब्यावर जाऊन बसला. पाठोपाठ खोऱ्यातले एकेक झाड ओरडू लागले.

कीड बसलेले झाड लगेच तोडायचे, हा खोऱ्याचा नियम होता. जावई होमावरून उठले. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि स्वतः वाढवलेल्या त्या आंब्याकडे निघाले.