महिन्यातून वीस दिवस

“मी कोण?” प्रमोदिनीनं तिसऱ्यांदा विचारलं.

“काकू,” नीला म्हणाली.

“आणि ही?”

नीलानं सुमतीवहिनींकडे पाहिलं. “आई.”

प्रमोदिनीच्या पोटच्या सहा वर्षांच्या पोरीला हा खेळ वाटत होता. प्रमोदिनी मात्र तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोकून घेत होती. अर्जात ‘अपत्ये’ या शब्दापुढे तिनं ‘नाहीत’ असं लिहिलं होतं, आणि आज चौकशीसाठी ठाण्याच्या कचेरीतून एक बाई घरी यायच्या होत्या. क्षयाची लस टोचणाऱ्या फिरत्या पथकाला गावोगावच्या बायकांची नावं लिहून घ्यायला बाईमाणूस हवं होतं. लहान मूल असलेली चालणार नाही, हे जाहिरातीतच छापलं होतं.

नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. खाण्यापिण्याची ददात नव्हती. भाऊ, म्हणजे तिचे मोठे दीर, आणि जाऊ सुमतीवहिनी तिला जपून होते. शिवाय डोंबिवलीतल्याच शाळेत मास्तरणीची जागा मिळत होती. मग ही वणवण कशाला, असं भाऊंनी दोनदा विचारलं. तिनं पगाराचं काहीतरी कारण सांगितलं. खरी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. ‘महिन्यातून वीस दिवस दौरा’ ही जाहिरातीतली ओळ वाचल्यापासून तिला धड झोप नव्हती. ठाणं आणि कल्याण सोडून तिनं काही पाहिलं नव्हतं. जव्हार, महाड, मंडणगड ही गावं ती नीलाच्या शाळेच्या नकाशात शोधत बसायची. आईनं असं करावं का, हेही तिनं स्वतःला विचारून पाहिलं होतं. उत्तर यायच्या आत तिनं अर्ज टपालात टाकला.

अकराच्या सुमाराला कचेरीतल्या कलावतीबाई आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. खुर्चीवर बसून त्यांनी वही उघडली आणि एकेक विचारायला सुरुवात केली. आठ मैल चालता येईल का, चावडीत झोपावं लागलं तर चालेल का, होडीची भीती वाटते का. प्रमोदिनी उत्तरं देत होती. मग बाईंची नजर दाराशी उभ्या असलेल्या नीलावर गेली.

“माझी पुतणी,” प्रमोदिनी म्हणाली. आवाज उगाचच मोठा निघाला.

नीलानं शिकवलेलं चोख केलं. सुमतीवहिनींकडे वळून तिनं विचारलं, “आई, पाहुण्यांना पाणी आणू?”

वहिनींच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्यांची कूस उजवली नव्हती. मग वहिनी हळूच म्हणाल्या, “आण हं, बाळा,” आणि पदर सारखा करत भिंतीकडे बघत राहिल्या.

पाणी आलं. एक थेंबही सांडला नाही. पेला देऊन नीला प्रमोदिनीजवळ येऊन उभी राहिली. बाई दौऱ्यातल्या बसगाड्यांचं सांगत होत्या. प्रमोदिनी मान डोलावत ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिनं नीलाच्या झग्याचं पाठीवरचं सुटलेलं बटण लावलं, झगा खाली ओढून नीट केला, मानेवरचे केस वेणीत खोचले. बाई बोलायच्या थांबल्या तेव्हा कुठे तिला आपले हात दिसले. तिनं ते मांडीवर ठेवले.

कलावतीबाईंनी वही मिटली आणि त्या उठल्या.

प्रमोदिनी त्यांना पोचवायला विहिरीपर्यंत गेली. माफी मागावी की गप्प राहावं, तिला कळत नव्हतं. बाईच थांबल्या.

“पोरीला वाचता येतं?”

“येतं. जोडाक्षरांना अडते.”

“मग पत्र टाकाल ते तिच्याच नावानं टाका. मोठ्या अक्षरात.” त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “माझा मुलगा बहिणीकडे वाढला. मी सगळी पत्रं बहिणीच्या नावानं टाकली. आता चौदा वर्षांचा आहे. मला मावशी म्हणतो.”

बाईंनी एवढंच सांगितलं, की वहीत त्या अर्जाप्रमाणेच लिहितील. पण पुढे पथकात कुणाला कळलं तर नोकरी जाईल आणि तेव्हा त्यांना काही करता येणार नाही. मग त्या शेतातल्या पायवाटेनं स्टेशनकडे चालू लागल्या.

नवव्या दिवशी नेमणुकीचा हुकूम आला. निघताना प्रमोदिनीला वाटलं होतं, नीला रडेल. नीला वहिनींचं बोट धरून उभी होती. तिनं हात हलवला आणि वहिनींच्या आधी घरात पळाली.

मंडणगडच्या धर्मशाळेत पथकाचं टपाल डॉक्टरांच्या टेबलावर जमा व्हायचं. दुपारी शिपाई ते पोस्टात नेई. चौथ्या दिवशी प्रमोदिनीनं एक कार्ड घेतलं आणि जोडाक्षर टाळून एकेक शब्द लिहिला. ‘इथे मोठी खाडी आहे. मी होडीतून गेले. मला खूप मजा वाटली.’ शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं, पण खोडलं नाही. खाली लिहिलं, ‘तुझी आई.’ मागच्या बाजूला नीलाचं नाव आणि डोंबिवलीचा पत्ता घातला.

टेबलाशी डॉक्टर आणि दोघे टोचणारे चहा पीत बसले होते. इतरांनी आपापली कार्डं पत्त्याची बाजू वर करून ठेवली होती. प्रमोदिनीनं आपलं कार्ड त्या कार्डांवर ठेवलं, मजकुराची बाजू वर करून, आणि ती बायकांची नावं लिहायला अंगणात गेली.