एकाच साच्यातले

टेबलावर खेळायच्या लढाईसाठी मी परग्रहावरचे सैनिक घडवतो, बोटभर उंचीचे. बायको गेल्यानंतरची ही पहिलीच जमात. चेहरा नाही, चार हात, चारही अंगाला चिकटलेले. बाहेर आलेला हात साच्यातून काढताना मोडतो.

ओतकाम करणारा पहिले पाच घेऊन आला. "दादा, हात पुढे कशाला काढलात? मोडतील ना."

"मी कुठे काढले?"

ओळीने मांडून बघितले. पहिल्याचा एक हात जरासा सुटलेला, दुसऱ्याचा थोडा जास्त, पाचव्याचा पार पुढे आलेला.

"साचे किती केलेस?"

"एकच हो. आईशप्पथ."

ती ढब मी ओळखली. दवाखान्यात बोलणं बंद झाल्यावर बायको असाच हात पुढे करायची. मी माझ्या आखूड बोटांत धरला की झोपायची.

"अजून एक ओत."

"राहू द्या ना दादा. मला हे बरं दिसत नाही."

"ओत रे बाबा."

सहावा मीच साच्यातून काढला आणि भिंगाखाली धरला. पुढे आलेल्या हाताची मूठ घट्ट मिटली होती. मुठीत माणसाचा इवला हात होता, लांब बोटांचा.

माझा नव्हता.