बहात्तर तास

तपासणीच्या पट्ट्यांचा डबा रिकामा होता.

झिफाने तो उलटा करून टेबलावर आपटला. दोनशे पट्ट्यांचा डबा, आणि वहीत नोंदी फक्त शहाऐंशी.

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"खराब झाल्या, ताई," नॉर्टी म्हणाला. "दमट हवा ना."

बाहेर हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा वाहत होता. आठवडाभर सगळ्या कुमासी शहराचे ओठ फुटले होते. झिफाने अझाराकडे पाहिलं. अझारा बाटल्या धूत होती. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

"नवा डबा आणते," झिफा म्हणाली आणि बाहेर पडली. दार बंद होताच आत कुजबुज सुरू झाली.

हीच पोरं दोन महिन्यांपूर्वी एकेका आकड्यावरून भांडून प्रयोगशाळा डोक्यावर घ्यायची. अझारा, नॉर्टी आणि सेलासी, तिघंही शेवटच्या वर्षाचे, तिघांचेही गुण बेताचे. विभाग त्यांना प्रकल्प द्यायला तयार नव्हता. झिफा पीएच.डी. करत होती. तिने विभागप्रमुख प्रोफेसर डुआंकडे चार खेटे घातले आणि तिघांना आपल्या हाताखाली घेतलं.

प्रकल्प कसाव्याच्या पिठाच्या एका कंपनीचा. कच्च्या कसाव्यात, म्हणजे साबुदाण्याच्या कंदात, सायनाइड असतं. कीस पोत्यांत भरून, दाबाखाली आंबवला की ते निघून जातं. किती वेळ आंबवायचा, याचं सूत्र झिफाने आपल्या प्रबंधात मांडलं होतं: बहात्तर तास. कंपनी त्याच हिशेबाने पीठ काढत होती. प्रत्येक जातीचा कसावा बहात्तर तास आंबवून तपासायचा, एवढंच पोरांचं काम. पिवळी पट्टी पिवळी राहिली तर ठीक, तांबूस झाली तर विष. मर्यादा किलोमागे दहा मिलिग्रॅमची.

नोंदी होत्या सात, आठ, सात, सहा.

इतके गुणी आकडे झिफाने आयुष्यात पाहिले नव्हते. तिची तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण वही चाळताना तिचं बोट थांबलं. चौथ्या आणि सातव्या आठवड्याचे आकडे हुबेहूब एकच होते.

दुपारी कंपनीच्या आन्सोंग साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमची पोरं म्हणजे हिरे आहेत हो! मालक तर त्यांना नोकरी द्यायची म्हणतायत."

"कशाबद्दल?"

"आता ते मी तुम्हाला सांगायचं? तुम्हीच तर पाठवलंत त्यांना आमच्याकडे." ते मोकळेपणाने हसले. कोणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

झिफाने कुणालाही कुठेही पाठवलं नव्हतं.

तिला वाटलं, कंपनीने पोरं विकत घेतली. संध्याकाळी तिने बाजारातून कंपनीच्या पिठाचं पाकीट आणलं आणि स्वतः तपासलं. पट्टी पिवळीधमक राहिली. आणखी दोन पाकिटं तपासली. तीही स्वच्छ. मग ती गोंधळलीच. पीठ चांगलं असेल तर खोटे आकडे लिहायचे कशाला? आणि कंपनी नोकऱ्या वाटते कशाबद्दल?

सकाळी तिने तिघांना समोर बसवलं.

"आकडे खोटे आहेत?"

"हो, ताई," अझारा म्हणाली. इतक्या सरळ उत्तराची झिफाला अपेक्षा नव्हती.

"कंपनीने काय दिलं?"

अझारा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काही नाही."

"मग कशासाठी?"

नॉर्टीने सेलासीकडे पाहिलं.

"ताई, थोडे दिवस थांबा ना," सेलासी म्हणाला. "नंतर तुम्हीच..." अझाराने त्याचा हात दाबला.

"तुमच्यासाठी मी विभागाशी भांडले," झिफा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "लाज नाही वाटत? लोक हे पीठ खातात. लहान मुलं खातात!"

"पीठ चांगलं आहे, ताई. ते मात्र खरं," नॉर्टी खाली मान घालून म्हणाला.

झिफा थांबली नाही. त्याच दिवशी तिने तक्रार लिहून प्रोफेसर डुआंच्या हातात दिली. चौकशी समितीने तिघांना दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्यांनी गुन्हा कबूल केला, कारण सांगितलं नाही, आणि एक वर्षासाठी काढून टाकल्याच्या कागदावर सह्या करून निघून गेले. जाताना अझारा दारात थबकली.

"परीक्षा चांगली जाऊ दे, ताई."

झिफाने पाठ फिरवली.

परीक्षा चांगली गेली. परीक्षकांनी बहात्तर तासांच्या सूत्राचं तोंड भरून कौतुक केलं. बाहेर येताच, तिथल्या रिवाजाप्रमाणे, मैत्रिणींनी तिच्यावर मुठी मुठी पांढरी पावडर उधळली. केस, भुवया, झगा, सगळं पांढरं झालं. नाचून झाल्यावर तिला गर्दीच्या कडेला आन्सोंग साहेब उभे दिसले.

"अभिनंदन, डॉक्टर!" त्यांनी एक पातळ वही पुढे केली. "पोरांनी माझ्याकडे ठेवायला दिली होती. ताईंचा निकाल लागला की लगेच द्या म्हणाली. आहेत कुठे ती? दिसत नाहीत."

झिफाने पावडरीच्या हातांनी वही उघडली. पहिल्याच पानावर अझाराचं ठळक अक्षर होतं:

"बहात्तर तासांनंतर: एकतीस, अठ्ठावीस, तेहतीस. पुन्हा केलं, तेच आलं. चाळीस वेळा तेच आलं. ताईंचं सूत्र चुकलंय. पाच दिवस आंबवलं तरच दहाच्या खाली येतं. आज कंपनीत जाऊन ताईंचा निरोप म्हणून सांगितलं, आजपासून पाच दिवस. त्यांनी ऐकलं. परीक्षा होईपर्यंत ताईंना कळू द्यायचं नाही. आपल्याला काढून टाकलं तरी नाही."